विश्वासाने वाढलेली सत्ता

१२ एप्रिल १९४५. जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या लहानशा गावी, व्यक्तिचित्र काढून घेण्यासाठी चित्रकर्तीसमोर बसलेले असतानाच अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रुझवेल्ट यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच दुपारी त्यांचे निधन झाले. वय होते ६३. बर्लिन पडायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास उपाध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी शपथ घेतली. उपाध्यक्ष होऊन त्यांना ८२ दिवस झाले होते, आणि आपला देश अणुबाँब तयार करतो आहे ही गोष्ट त्यांना सांगण्यात आलेली नव्हती. शपथविधीनंतर युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी त्यांना बाजूला घेऊन एका प्रचंड शस्त्राबद्दल दोन शब्द सांगितले. संपूर्ण माहिती मिळायला २५ एप्रिल उजाडावा लागला.

दोन सभागृहे, सर्वोच्च न्यायालय आणि दीडशे वर्षांची लिखित घटना असलेल्या देशात युद्धाचे सर्वांत मोठे गुपित एका माणसाच्या आणि त्याने निवडलेल्या मूठभर लोकांच्या हाती राहिले होते. रुझवेल्ट ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्ष झाले तेव्हा हे पद असे नव्हते. मधल्या बारा वर्षांत घटनेतला अध्यक्षाच्या अधिकारांविषयीचा मजकूर एका शब्दानेही बदलला नाही. पद मात्र आमूलाग्र बदलले. आज त्यांच्या स्मृतिदिनी या बदलाकडे पुन्हा पाहिले पाहिजे, कारण आजची अमेरिका आणि तिच्याबरोबर उरलेले जग याच बदललेल्या पदाच्या सावलीत जगते आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा कारभार मुख्यतः काँग्रेस चालवी. अध्यक्ष कायदे अमलात आणी, नकाराधिकार वापरी, नेमणुका करी. जॅक्सन, लिंकन, थिओडोर रुझवेल्ट, विल्सन हे जबरदस्त अध्यक्ष होऊन गेले खरे. पण प्रत्येकाच्या मागून आलेल्यांनी पद पुन्हा जुन्या मापाचे करून टाकले. विल्सननंतरची हार्डिंग आणि कूलिज यांची वर्षे आठवावीत. फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्यानंतर मात्र ते मापच उरले नाही. ट्रूमन आले, आयझेनहॉवर आले, दोन्ही पक्षांचे आणि नाना स्वभावांचे अध्यक्ष आले. छोटे अध्यक्षपद कोणालाच परत आणता आले नाही, आणि खरे तर तसे कोणाला नकोही होते.

हे घडले कसे, ते १९३३ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जवळून पाहता येते. रुझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये हर्बर्ट हूवर यांचा पराभव करून निवडून आले होते, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे सूत्रे हाती यायला चार महिने जावे लागले. त्या चार महिन्यांत देशाची उरलीसुरली घडीही विस्कटली. काम करणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा बेकार होता. तीन-चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या. ठेवींना देशव्यापी विमा नव्हता, त्यामुळे बुडालेल्या बँकेतला पैसा पूर्ण परत मिळण्याची हमी नव्हती. साहजिकच जी बँक धड उभी होती तिच्याही दारात रांगा लागल्या, आणि त्या रांगांमुळेच तीही बुडू लागली. एकेक राज्य बँका बंद करत सुटले. शपथविधीच्या दिवशी पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनीही बँकांना टाळे लावले.

६ मार्चला रुझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँकांना सक्तीची सुट्टी जाहीर केली. आधार कशाचा घेतला? १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, शत्रूराष्ट्रांशी व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचा. ९ मार्चला काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. बँकविषयक विधेयकाच्या छापील प्रतीही प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांच्या हाती नव्हत्या. चाळीस मिनिटांच्या चर्चेत ते मंजूर झाले, सिनेटनेही उशीर केला नाही आणि रात्री त्यावर अध्यक्षांची सही झाली. ही योजना तयार करण्यासाठी पायउतार झालेल्या हूवर सरकारातले अर्थखात्याचे अधिकारी नव्या लोकांच्या बरोबरीने बसले होते, हेही नोंदवले पाहिजे. इतका मोठेपणा आज क्वचितच दिसतो.

इथपर्यंतची गोष्ट आणीबाणीतल्या कोणत्याही सरकारची असू शकते. पुढचे पाऊल रुझवेल्ट यांचे स्वतःचे. १२ मार्च, रविवार, रात्री दहा वाजता ते रेडिओवर बोलले. साडेबारा कोटींच्या देशात सुमारे सहा कोटी लोकांनी ते ऐकले. भाषण पंधरा मिनिटांचेही नव्हते. त्यात त्यांनी पहिल्यांदा काय सांगितले असेल, तर बँक चालते कशी ते. तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत रचून ठेवत नाही. तो ती कर्जाऊ देते, रोख्यांत आणि गहाणखतांत गुंतवते, आणि रोज लागेल तेवढीच रोकड हाताशी ठेवते. सगळे जण एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर चांगल्यातली चांगली बँकही ते देऊ शकणार नाही. मग सरकारने सुट्टी का दिली, तपासणी कशी चालली आहे, सोमवारी कोणत्या शहरांतल्या बँका उघडतील, मंगळवारी कोणत्या, आणि तुमची बँक पहिल्या दिवशी उघडली नाही तर घाबरायचे का नाही, हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले. गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत पैसा अधिक सुरक्षित आहे, अशी ग्वाही दिली. काही लोकांचे नुकसान होईल, हेही लपवले नाही.

सोमवारी बँका उघडल्या आणि आठवड्यापूर्वी पैसे काढायला रांगा लावणारे लोक आता पैसे भरायला रांगेत उभे राहिले. बुधवारी शेअर बाजार उघडला तो एका दिवसात १५ टक्क्यांनी वर गेला.

रेडिओवर बोलणारे रुझवेल्ट हे पहिले अध्यक्ष नव्हते. कूलिज बोलले होते, हूवरही बोलले होते. पण ते जाहीर सभेत बोलावे तसे बोलत. रुझवेल्ट ऐकणाऱ्याला शहाणा समजून बोलले. समोरच्या माणसाला अर्थशास्त्र येत नसले तरी समजावून दिले तर त्याला कळते, यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. आमच्या मते त्यांच्या सगळ्या राजकारणाचे मर्म या विश्वासात आहे. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे पाय कायमचे गेले होते. पोलादी पट्ट्या बांधून आणि कोणाच्या तरी दंडाचा आधार घेऊनच त्यांना उभे राहता येई. वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात उपचार घेताना त्यांची गाठ अशा माणसांशी पडली, ज्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या श्रीमंत घराण्यातला हा मुलगा एरवी कधी भेटलाच नसता. त्या गावात त्यांनी पोलिओग्रस्तांसाठी केंद्र उभारले. दुसऱ्याच्या मदतीशिवाय आपले चालत नाही हे ज्याला रोज अनुभवावे लागते, त्याला मदत मागणाऱ्याची भाषा कळते.

अशी रेडिओ भाषणे त्यांनी बारा वर्षांत तीसच्या आसपास दिली. म्हणजे वर्षाला दोन-तीनच. रोज कानावर पडणाऱ्या आवाजाचे वजन उरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. फेब्रुवारी १९४२ मधल्या भाषणापूर्वी त्यांनी लोकांना जगाचा नकाशा समोर घेऊन बसायला सांगितले, आणि देशभर दुकानांतले नकाशे खपले. बातमीदारांशी मात्र ते आठवड्यातून दोनदा बोलत. आधीच्या अध्यक्षांना प्रश्न अगोदर लिहून द्यावे लागत. रुझवेल्ट यांनी ती पद्धत पहिल्याच बैठकीत मोडली. बातमीदार त्यांच्या टेबलाभोवती गर्दी करून उभे राहत आणि सुचेल ते विचारत. अशा सुमारे हजार बैठका झाल्या. लोकांची पत्रे तर इतकी येऊ लागली की व्हाइट हाउसचे टपाल हाताळायला मोठा कर्मचारीवर्ग नेमावा लागला.

लोक अध्यक्षाला पत्र लिहू लागले, यातच सगळे आले. घर गहाण पडले आहे, नवऱ्याची नोकरी गेली आहे, म्हाताऱ्या आईला कोणी नाही, असल्या गाऱ्हाण्यांसाठी पूर्वी माणूस पाद्र्याकडे जाई, गावच्या पुढाऱ्याकडे जाई, फार तर आपल्या राज्याच्या सिनेटरकडे. आता तो थेट वॉशिंग्टनकडे पाहू लागला. पहिल्या शंभर दिवसांत पंधरा मोठे कायदे झाले. नव्या सरकारच्या शंभर दिवसांचा हिशेब मांडण्याची आपल्या वृत्तपत्रांची रीतही तिथूनच आली. ठेवींना विमा मिळाला. गंमत अशी की त्या विम्याला खुद्द रुझवेल्ट यांचा सुरुवातीला विरोध होता, काँग्रेसने तो पुढे रेटला. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे आणि वीज आली. पुढे तोच नमुना समोर ठेवून दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला चालना दिली. ऑगस्ट १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी संघराज्याने उचलली. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री, यांचे त्या कायद्यामागचे कष्ट विसरता येत नाहीत. शेतमजूर आणि घरकामगार यांना मात्र त्या कायद्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक नेमकी हीच कामे करत. दक्षिणेतल्या आपल्याच पक्षाच्या सिनेटरांना दुखवायचे नाही म्हणून झुंडीच्या हत्यांविरुद्धच्या विधेयकामागेही रुझवेल्ट उभे राहिले नाहीत.

इतके ओझे एका माणसाच्या डोक्यावर आले, तर त्याला हाताखाली माणसे हवीत. १९३७ मध्ये लुई ब्राउनलो यांच्या समितीने अध्यक्षाला मदतीची गरज आहे, असा अगदी सरळ निष्कर्ष काढला. त्यावर आधारलेले पुनर्रचना विधेयक एप्रिल १९३८ मध्ये प्रतिनिधिगृहाने २०४ विरुद्ध १९६ मतांनी रोखले. हुकूमशाही येते आहे अशा तारांचा पाऊस सभासदांवर पडला होता. वर्षभराने सौम्य रूपात तोच कायदा झाला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये अध्यक्षांचे कार्यकारी कार्यालय अस्तित्वात आले. अर्थखात्यातला अंदाजपत्रक विभाग उचलून या कार्यालयात आणला गेला. कोणत्या खात्याने किती पैसे मागायचे आणि कोणता कायदा सुचवायचा, हे आता अध्यक्षाच्या दारातून पार पडल्याशिवाय काँग्रेसपुढे जाईना. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा बदल दोन ओळींत उरकतो. पण रुझवेल्ट गेल्यानंतरही पद मोठेच का राहिले, याचे उत्तर भाषणांइतकेच या कार्यालयात आहे. वक्तृत्व वारशाने मिळत नाही, कार्यालय मिळते.

सत्तेची धुंदी त्यांना चढली नाही, असे म्हणता येणार नाही. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये जिंकल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे मोर्चा वळवला. या न्यायालयाने ‘न्यू डील’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कार्यक्रमातले दोन मोठे कायदे रद्द ठरवले होते, आणि मजूर कायदा व सामाजिक सुरक्षा यांवरही टांगती तलवार होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी योजना मांडली: सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा नेमायचा, जास्तीत जास्त सहा. कारण दिले, म्हाताऱ्या न्यायमूर्तींना काम झेपत नाही. खरे कारण सगळ्यांना दिसत होते. बँकेचा व्यवहार ज्यांनी लोकांना इतक्या प्रामाणिकपणे समजावला होता, त्यांनीच इथे आडपडदा ठेवला, आणि लोकांनी तो ओळखला. विरोधाचे नेतृत्व त्यांच्याच पक्षाचे सिनेटर बर्टन व्हीलर यांनी केले. जुलैमध्ये सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत पाठवून गाडून टाकले. तोवर न्यायालयाने स्वतःच दिशा बदलली होती. १२ एप्रिल १९३७ रोजी, रुझवेल्ट यांच्या मृत्यूच्या बरोबर आठ वर्षे आधी, कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य करणारा मजूर कायदा वैध ठरला. रुझवेल्ट यांना हवे ते मिळाले, पण हव्या त्या मार्गाने मिळाले नाही. अमेरिकी लोकशाहीची ती चांगली घडी होती.

वाईट घडी पाच वर्षांनी आली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, रुझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्याआधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे, शेती, दुकाने सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले गेले. हातात मावेल तेवढेच सामान घ्यायचे. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते, तिथेच जन्मलेले. त्यांच्यापैकी कोणावरही हेरगिरीचा गुन्हा सिद्ध झाला नव्हता. महाअधिवक्ता फ्रान्सिस बिडल यांचा या कारवाईला विरोध होता. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९३७ मध्ये अडवणारी काँग्रेस या वेळी अध्यक्षांच्या बाजूने उभी राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले तेव्हा नऊपैकी सात न्यायमूर्ती रुझवेल्ट यांनीच नेमलेले होते. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने सरकारची पाठराखण केली. देशाने अधिकृत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये.

युद्धकाळातल्या त्यांच्या सत्तेलाही सीमा होत्या, हे आपण भारतीयांनी अनुभवले आहे. १९४२ च्या एप्रिलमध्ये भारताच्या प्रश्नावर त्यांनी चर्चिल यांना आग्रहाने लिहिले. चर्चिल संतापले, आणि रुझवेल्ट मागे सरले. पुढच्या वर्षी त्यांचे खासगी प्रतिनिधी विल्यम फिलिप्स भारतात असताना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींना भेटण्याची परवानगी मागत राहिले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती दिली नाही. दोस्तराष्ट्रांची एकजूट टिकवण्यासाठी रुझवेल्ट यांनी भारताचा प्रश्न बाजूला ठेवला. त्यांची अडचण समजते, पण ती गोष्ट आपल्या मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

ते चार वेळा निवडून आले. वॉशिंग्टनपासून चालत आलेला दोन कारकिर्दींचा संकेत त्यांनी १९४० मध्ये मोडला. १९५१ मध्ये बाविसाव्या घटनादुरुस्तीने तो संकेत कायद्यात बांधला गेला. पण तिने फक्त वर्षे मोजली. त्या वर्षांत अध्यक्ष काय काय करू शकतो, याला तिने हात लावला नाही. व्हिएतनामच्या युद्धाच्या अखेरच्या काळात सिनेटच्या एका समितीने जुने कागद तपासले, तेव्हा असे आढळले की बँका वाचवण्यासाठी मार्च १९३३ मध्ये जाहीर केलेली आणीबाणी कोणी औपचारिकपणे संपवलीच नव्हती. बँका आठवडाभरात उघडल्या होत्या आणि ती आणीबाणी चाळीस वर्षांनंतरही कागदोपत्री जिवंत होती. १९७६ च्या कायद्याने तिचा शेवट ठरवला, आणि त्याच कायद्याच्या चौकटीत नवनव्या आणीबाण्या जाहीर करण्याची वाट पुढच्या अध्यक्षांना सापडली.

रुझवेल्ट यांच्याकडून नंतरच्या अध्यक्षांना मोठे कार्यालय मिळाले, रेडिओपासून दूरचित्रवाणीपर्यंत आणि आता मोबाइलच्या पडद्यापर्यंत थेट लोकांशी बोलण्याची मोकळीक मिळाली, आणि प्रत्येक संकटात लोकांची नजर आपल्याकडे वळेल ही खात्री मिळाली. लोकांना समजावून सांगण्याचे कर्तव्य मात्र कोणत्याही कायद्यात लिहिले गेले नाही. ते रुझवेल्ट यांनी स्वतः होऊन पाळले, आणि जिथे पाळले नाही तिथे त्यांच्या हातून अन्याय झाला किंवा त्यांची हार झाली. आम्ही त्यांना विसाव्या शतकातले सर्वांत मोठे अमेरिकी अध्यक्ष मानतो, आणि ९०६६ क्रमांकाचा आदेश पुरता त्यांच्याच नावावर मांडतो.

तरुण वाचकांना, विशेषतः राज्यशास्त्राच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना, एक विनंती. १२ मार्च १९३३ चे ते भाषण आणि १९ फेब्रुवारी १९४२ चा तो आदेश, दोन्ही आज सहज मिळतात आणि दोन्ही छोटे आहेत. एकाच बैठकीत, एकापाठोपाठ एक, मूळ शब्दांत वाचावेत. भाषणात बँकेचा व्यवहार शाळकरी मुलालाही कळेल इतका उलगडून सांगितला आहे. आदेशात, ज्या लोकांना घरांतून बाहेर काढायचे होते, त्यांचा साधा नामोल्लेखही नाही.